हेवा नसलेली वाटणी

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चार मित्रांनी गोव्यात, आसगावला एक व्हिला घेतला. ३ रात्री, ६०,००० रुपये. पूल, मागे माड आणि ४ बेडरूम. अडचण एकच होती. वरच्या मजल्यावरची खोली पूलवर उघडणारी, तर स्वयंपाकघरामागची इतकी लहान की बॅग पलंगावरच उघडावी लागेल. मग सगळ्यांकडून सारखेच १५,००० कसे घ्यायचे?

मी प्रोग्रामर. ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा कोड लिहिणं मला सोपं जातं. फ्रान्सिस सू या गणितज्ञाचा १९९९ सालचा एक पेपर नेमका याच प्रश्नावर आहे. त्याचा एक मित्र काही जणांसोबत नव्या घरात राहायला चालला होता आणि कुणी कुठली खोली घ्यायची, किती भाडं द्यायचं, हे ठरत नव्हतं. सूने सिद्ध केलं, की काही साध्या अटी मानल्या तर एकूण भाडं खोल्यांवर असं वाटता येतं, की प्रत्येकाला आपलीच खोली, तिच्या किमतीसकट, सगळ्यात बरी वाटते. कुणालाच कुणाचा हेवा वाटत नाही. त्यासाठी वेगवेगळे भाव मांडून एकेकाला विचारत जायचं : या भावात तू कुठली खोली घेशील?

मी स्क्रिप्ट लिहिली, तिघांना प्रश्न पाठवले. उत्तर आलं : २२,०००, १८,०००, १४,००० आणि ६,०००. वरची खोली मला मिळाली. स्वयंपाकघरामागची आमच्यातल्या एकाने घेतली. 'एकदम फेअर,' असं त्यानेच लिहिलं. मला फार हुशार वाटलं.

दुसऱ्या रात्री वीज गेली. जनरेटर सुरू झाला, तो बरोब्बर त्याच्या खिडकीखाली. पाणी प्यायला मी खाली आलो, तर तो बाहेर दगडी बाकावर आडवा झालेला.

"वर ये ना, पलंग मोठा आहे."

"नको रे. इथे वारा आहे."

वारा अजिबात नव्हता.

गणितात चूक नव्हती. 'कुठली खोली घेशील?' असं विचारताना मी त्याची आवड मोजतोय असं मला वाटत होतं. पण त्याच्या उत्तरात आवड आणि ऐपत एकत्र मिसळलेली होती, आणि कुठली किती हे आकड्यावरून कळत नाही. पूल बघत उठायची हौस मला त्याच्यापेक्षा जास्त होती, असं थोडंच आहे? आमच्यात फरक एवढाच, की त्याच्या पगारातून दर महिन्याला गावच्या घराचा हप्ता जातो.

मग काय करायला हवं होतं? सारखी वाटणी केली असती, तर तो काहीतरी कारण काढून आलाच नसता. पगाराच्या प्रमाणात वाटलं असतं, तर तीन दिवस तो आमच्या उपकाराखाली वावरला असता. खूप विचार केल्यावर लक्षात आलं, की सूच्या प्रमेयात एकूण भाडं आधीच ठरलेलं असतं. ते कुणी ठरवलं, हा त्या गणिताचा प्रश्नच नाही. आमचा मात्र होता. ग्रुपवर मी व्हिलाची लिंक टाकली, दोघांनी अंगठे दिले आणि त्याचं गप्प राहणं आम्ही होकारात धरलं. अन्याय झाला तो तिथे. त्यानंतरची वाटणी कितीही चोख केली तरी उपयोग नव्हता.

म्हणजे आकडा सगळ्यात कमी ऐपत असलेल्याने ठरवावा. पण मग त्याला चारचौघांत सांगावं लागणार, की तो मीच. म्हणून यंदा आम्ही नवा नियम केला. नाव न देता प्रत्येकाने आपला आकडा टाकायचा, सगळ्यात लहान आकडा बजेट म्हणून धरायचा आणि तो कुणाचा हे विचारायचं नाही.

दिवेआगरला एक घरगुती मुक्काम मिळाला. एकच खोली, चार गाद्या. लहान आकडा त्याचाच होता का, मला माहीत नाही. सकाळी त्याने तक्रार केली, की मी रात्रभर घोरत होतो.