इमान कोणी कोणाशी राखायचे?

मराठी भाषेने कुत्र्याला दुहेरी न्याय लावला आहे. इमानाला उपमा हवी असली की ती कुत्र्याची देतात, आणि माणसाचा पाणउतारा करायचा झाला तरी त्याचेच नाव घेतात. कुत्र्याचे इमान आपण गौरवितो. पण ते घडते कसे आणि त्यात धन्याचा वाटा किती, याचा विचार सहसा करीत नाही.

निपाणीच्या आमच्या जुन्या घरी एक कुत्रा होता. वडील त्याला 'ये' म्हणत, आम्ही मुले कधी 'इकडे', कधी 'चल', तर कधी नुसतीच शीळ. परड्यातला कानडी गडी मात्र रोज 'बा' म्हणे आणि भाकरीचा तुकडा पुढे करी. त्याच्या हाकेला कुत्रा धावत जाई. आमच्या हाकेला नाही. एकदा तो बाहेर पळाला. तासाभराने आपणहून परतला, तेव्हा मी त्याला काठीने मारले. पळाल्याबद्दल शिक्षा केली, असा माझा समज होता. कुत्र्याच्या लेखी मात्र शिक्षा झाली ती परत येण्याबद्दल. पुढे कित्येक महिने तो हाक ऐकून येई, पण हात पोचणार नाही इतक्या अंतरावर थांबे.

श्वानशिक्षणाचे मुख्य सूत्र त्या गड्याला न शिकता ठाऊक होते. एका शब्दाचा अर्थ सदैव एकच असावा आणि कृतीचे फळ तत्क्षणी मिळावे. तासाभराने केलेली शिक्षा कुत्र्याला कशाबद्दल आहे ते कळत नाही. कळतो तो फक्त मारणारा हात. शब्द मराठी की कानडी, हा वाद माणसांचा. कुत्र्याला हवी असते ती शब्दामागची खात्री.

घटप्रभेकाठच्या मुधोळचा कुत्रा याची साक्ष देतो. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात. 2005 साली भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले आणि 2016 साली मुधोळची पिल्ले लष्करी प्रशिक्षणासाठी मेरठला गेली. सावज नजरेने टिपून मागे धावणारा हा प्राणी स्वभावाने मानी असतो. त्याला दरडावले तर तो शिकत नाही, मिटून जातो. आपल्या भागातील धनगरांचे कुत्रेही छडीने राखण शिकत नाहीत. पिल्लू मेंढरांतच वाढते, आणि सहवासातून कळप त्याचा होतो.

यावर कोणी म्हणेल, भाकरीच्या तुकड्याने मिळविलेले इमान म्हणजे लाचच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. लाच वचनभंगासाठी देतात. हा तुकडा वचन पाळल्याची खूण असतो. शिवाय विश्वास जडल्यावर तुकडा नसला तरी कुत्रा येतो. भीतीचे तसे नाही. काठीची सत्ता काठी पोचते तेवढ्याच अंतरापर्यंत चालते. आमच्या कुत्र्याने ते अंतर अचूक मोजले होते.

कागवाड तालुक्यातील मंगसुळीला खंडोबाचे मोठे ठाणे आहे. खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या, म्हणजे देवाचा कुत्रा, म्हणवितो. ते दास्य त्याच्या घराण्याच्या नवसाने येते. त्याला परंपरेचा आधार आणि मान असतो. घरच्या कुत्र्याने मात्र कोणताही नवस बोललेला नसतो. पट्टा आपण बांधतो, नाव आपण ठेवतो, अन्नाची वेळही आपणच ठरवितो. ज्या करारात एकाच पक्षाला निवड होती, त्यात इमानाची पहिली जबाबदारीही त्याच पक्षावर येते.

पुढे मी त्या गड्याचीच रीत धरली: एकच शब्द, एकच वेळ, रिकामा न येणारा हात. एका संध्याकाळी कुत्र्याने ते अंतर ओलांडले आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. शिक्षण त्याचे चालले आहे असे मी समजत होतो. ते माझे होते.