मूर्तीचे विसर्जन की मूर्तीचे जतन?

गेल्या मार्गशीर्षात आमच्या देवस्थानच्या तरुण महाजनांची व काही वडीलधाऱ्या मंडळींची एक लहानशी सहल जुने गोवे येथे गेली होती. तेथील भव्य इगर्ज्या पाहून झाल्यावर आम्ही सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जीला लागून असलेल्या जुन्या मठात शिरलो. ह्या मठाच्या इमारतीत १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे एक छोटेखानी वस्तुसंग्रहालय आहे. सहलीला आलेली मंडळी सहसा इगर्जी पाहून परत फिरतात. परंतु तास दोन तास हाती असतील, तर हे संग्रहालय अवश्य पाहावे असेच आहे.

आत पाऊल टाकताच आफोंसो द आल्बुकर्क ह्याचा ब्राँझचा प्रचंड पुतळा समोर येतो. १५१० साली ज्याने आदिलशाहीकडून गोवे जिंकून घेतले, तोच हा आल्बुकर्क. पूर्वी हा पुतळा पणजीच्या मैदानातील मंडपात उभा होता; त्या मंडपात आज त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा ह्या स्वातंत्र्यसेनानीचे स्मारक आहे. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांच्या व व्हाइसरॉयांच्या चित्रांची रांग आहे. ही चित्रमालिका १५४७ साली जुआंव द कास्त्रो ह्याने सुरू करविली. आणि ह्याच वास्तूत, त्या राज्यकर्त्यांच्या सान्निध्यात, त्यांच्या कितीतरी आधीच्या काळातील आमची पाषाणशिल्पे मांडलेली आहेत: विष्णूची मूर्ती, रणात पडलेल्या योद्ध्यांचे वीरगळ, सतीशिळा.

त्या विष्णूमूर्तीपाशी जो प्रसंग घडला, त्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला. आमच्याबरोबर एक वृद्ध आजी होत्या. दालनाच्या उंबऱ्याशी त्यांनी वहाणा काढल्या, पदर सावरला व मूर्तीसमोर हात जोडून त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. आम्हां तरुणांपैकी काहींना हसू आले. खोटे कशाला सांगावे, त्या हसणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही जरा पांडित्याच्या आविर्भावात म्हणालो, “आजी, येथे प्राणप्रतिष्ठा नाही. ही आता केवळ पाहण्याची वस्तू आहे.” आजींनी वहाणा पायांत सरकवीत शांतपणे उत्तर दिले, “बाबा, प्रतिष्ठा त्याची गेली असेल. माझा नमस्कार कुठे गेलाय?”

हे उत्तर आमच्या मनात रुतून बसले. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. मूर्ती केव्हा पूज्य होते आणि केव्हा अपूज्य होते, हे लहानपणापासून कानांवर पडलेले. जलाधिवास, धान्याधिवास, न्यास, नेत्रोन्मीलन व प्राणप्रतिष्ठा इतके सोपस्कार झाल्यावाचून पाषाण हा पाषाणच. उलटपक्षी मूर्तीचा अवयव भंगला, तर तिच्यातील तत्त्व विधिपूर्वक कलशात आवाहन करून घ्यावे, नवी मूर्ती स्थापन करावी व जुनी जलाशयात विसर्जित करावी, असा जीर्णोद्धाराचा परिपाठ आहे. ह्या दृष्टीने पाहता संग्रहालयातील मूर्ती ना पूज्य, ना विसर्जित. मग ती आहे तरी कोण? आणि तिच्यासंबंधी आपले काही कर्तव्य आहे की नाही?

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्या देवस्थानच्या जीर्णोद्धाराची बोलणी सध्या चालू आहेत, हे सर्व महाजनांस विदित आहेच. एका उपदेवतेच्या लहान पाषाणमूर्तीचा उजवा हात मनगटापाशी झिजून तुटला आहे. चौकातील कोरीव लाकडी खांबांना वाळवी लागली आहे. नवे काम झाले, की मूर्ती नदीत सोडावी व खांब मोडीत काढावे, असा एक विचार पुढे आला आहे. त्यात कोणाचाही हेतू वाईट नाही. परंतु जुने गोवे पाहून आल्यापासून ह्या गोष्टी आम्हांस पूर्वीइतक्या सोप्या वाटत नाहीत.

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर उघड्या माळावरही आम्ही बरेच हिंडलो. सेंट कायतान इगर्जीच्या आवारात आदिलशाही वाड्याचे म्हणून दाखविले जाणारे काळ्या दगडाचे एक दार तेवढे शिल्लक आहे. त्यावरील कोरीवकाम त्याहूनही जुन्या हिंदू वास्तूचे आहे. दूर टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या इगर्जीचा ४६ मीटर उंचीचा मनोरा आहे. १८३५ साली ती इगर्जी ओस पडली, १८४२ साली तिचे छत कोसळले, आणि आज उरला आहे तो मनोऱ्याचा एक अर्धा भाग. रस्त्याच्या कडेला हातकातरो खांब एकाकी उभा आहे. धर्मासाठी अडून राहिलेल्यांना येथे बांधून त्यांचे हात तोडीत, अशी लोकांत आख्यायिका आहे. हा खांब मूळचा एखाद्या देवळाचा असावा, असे मानतात. देवळाचा खांब शिक्षेचा खांब झाला, आणि आज तो कशाचाच खांब नाही. तरीही त्याच्यापाशी पोहोचताच आमच्या मंडळींचे बोलणे आपोआप थांबले. त्याला कोणी गंध लावीत नाही, फूल वाहत नाही. परंतु तो जर कोणी उपटून टाकला असता, तर आमच्या पूर्वजांवर ओढवलेल्या दिवसांची एक खूण नाहीशी झाली असती.

येथेच आम्हांस देऊळ व संग्रहालय ह्यांतील भेद उमगला. देवळात देव हा घरधनी असतो. सारे घर त्याच्या उठण्याबसण्यावर चालते. संग्रहालयात तोच देव साक्षीदार असतो. साक्षीदाराला नैवेद्य लागत नाही, परंतु त्याचे तोंड बंद करण्याचाही कोणाला अधिकार नसतो. म्हणूनच तेथे विष्णू आणि आल्बुकर्क एका छपराखाली उभे राहू शकतात. पूजेला निवड करावी लागते. साक्षीला सर्वच लागतात.

घरी आल्यावर आम्ही हा विषय तीर्थरूपांपुढे काढला. ते म्हणाले, “विसर्जन म्हणजे टाकून देणे नव्हे. चवथीचा गणपती आपण डोळ्यांत पाणी आणून पोहोचवतो, ते काय तो नकोसा झाला म्हणून? हातचे सोडता येणे हादेखील धर्मच आहे.” हे खरेच आहे. आसक्तीने सर्व काही साठवीत बसणे ही भक्ती नव्हे. शिवाय खंडित मूर्तीची खरी विटंबना विसर्जनाने होत नाही. ती पिंपळाखाली तसबिरी नि मूर्ती निमूटपणे ठेवून घरी परतणाऱ्या आपल्यासारख्यांकडूनच होते. शास्त्राने सांगितलेले विसर्जन त्यापेक्षा शतपटीने आदराचे आहे.

परंतु चवथीचा गणपती मातीचा असतो, आणि मातीत परत जाण्यासाठीच तो घडविलेला असतो. सात आठशे वर्षांपूर्वी एखाद्या अनाम शिल्प्याने घडविलेल्या पाषाणमूर्तीची गोष्ट वेगळी. ती नदीत गेली, की तिच्याबरोबर त्या शिल्प्याचा हात, त्या काळची आयुधे व अलंकार, आणि आपल्या गावाच्या वयाचा पुरावा हेही जातात. तत्त्व कलशात आले खरे. परंतु ह्या गोष्टी कोणत्या कलशात आवाहन कराव्यात?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आमच्या कुळावी मंडळींचाच इतिहास आठवला. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळांवर संकट आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी काय केले? १५६० साली मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून प्रियोळास आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. ज्यांनी हे देव नदीपार नेले, त्यांना प्रवासात षोडशोपचार साधले असतील काय? नित्यपूजेत खंड पडला नसेल काय? त्या क्षणी त्यांच्यापुढे पूजेचा प्रश्नच नव्हता, प्रश्न जतनाचा होता. त्यांनी आधी जतन केले, म्हणून पुढे पूजा उभी राहिली. आज आपण ज्या देवळांत आरती म्हणतो, ती देवळे अशा जतनाच्या पायावर उभी आहेत. तेव्हा जतन ही परक्यांकडून आलेली नवी कल्पना आहे, असे निदान आपण गोवेकरांनी तरी म्हणू नये.

आपल्या काळातही असे घडले आहे. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड नि दगड सुटा करून सुमारे १७ किलोमीटर दूर नेले व पुन्हा जोडून उभे केले. त्याच गावची जांभ्या दगडातली प्राचीन मातृदेवता वेर्ण्यास आणून ठेविली आहे. गाव बुडाले, देव साक्षीला उरले. पाणी आटून वैशाखात गावच्या खुणा वर आल्या, की कुर्डीकर आजही आपल्या जुन्या जागी जमतात. ज्यांचे सर्वस्व पाण्यात गेले, त्यांना विचारावे, जतन म्हणजे काय!

आणखी एक उदाहरण दूरचे, परंतु आमच्या प्रश्नाला अगदी लागू पडणारे. तामिळनाडूतील पत्तूर गावी एका भग्न देवळाच्या जागी १९७६ साली नटराजाची ब्राँझची मूर्ती जमिनीत सापडली व चोरट्या मार्गाने ती लंडनला जाऊन पोहोचली. तिच्यासाठी तेथील न्यायालयात खटला चालला. पूजा कित्येक पिढ्यांपूर्वी थांबलेली असतानाही, ते भग्न देऊळ हाच एक पक्षकार मानण्यात आला. अखेर १९९१ साली निकाल देवळाच्या बाजूने कायम झाला व नटराज भारतात परतला. परदेशातील न्यायासनाने जणू आमच्या आजींचेच म्हणणे मान्य केले: दिवा विझला म्हणून देवाचे घर बेवारस होत नाही.

तात्पर्य, पूजा व जतन ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. एक पार पडले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही. नित्यपूजा चालते म्हणून जुने खांब मोडीत घालण्याचा परवाना मिळत नाही. तसेच संग्रहालयात काचेआड ठेविले म्हणून आदर बाहेर ठेवून आत जाण्याची मुभाही मिळत नाही. जेथे सेवा थांबली, तेथे जतन हीच सेवा होय, असे आम्हांस वाटते.

म्हणून कार्यकारी समितीस आमची नम्र विनंती अशी: जीर्णोद्धारास हात घालण्यापूर्वी देवळातील प्रत्येक मूर्ती, खांब, समई, पालखी व शिलालेख ह्यांची छायाचित्रांसह यादी करावी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी शिल्पे ही पुराणवस्तू ठरतात. तेव्हा विसर्जनाचा विचार करण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांस बोलावून दाखवावे. उपदेवतेच्या मूर्तीतील तत्त्व विधिपूर्वक नव्या मूर्तीत आणावे; जुनी मूर्ती मात्र नदीत न सोडता, अग्रशाळेतील एका कोनाड्यात आदराने ठेवावी व तिच्याखाली चार ओळींत तिची हकीकत लिहावी. वाळवी लागलेल्या खांबांपैकी जे वाचतील, ते तेथेच उभे करावेत. येणाऱ्या मुलांना देवळाचे वय त्यावरून कळेल.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आपल्याच देवळातील एक भंगलेली मूर्ती तीर्थरूपांच्या हस्ते नदीत विसर्जित झाली होती. परवा आम्ही त्यांना विचारले, “त्या मूर्तीच्या डाव्या हातात काय होते?” ते बराच वेळ आठवीत बसले. मग म्हणाले, “विधीत काही उणे राहिले नव्हते, रे. पण सोडण्यापूर्वी एकदा नीट पाहून घ्यायचे मात्र राहून गेले.”

पुन्हा जुने गोवे येथे जाणे झाले, तर आजींप्रमाणे आम्हीही उंबऱ्याशी वहाणा काढू. आणि आपल्या उपदेवतेपुढे मात्र, निर्णय होण्याआधीच, प्रत्येक महाजनाने एकदा उभे राहून तिला नीट पाहून घ्यावे.