वेठ कीं सेवा?

नव्या भारतीय न्याय संहितेनें १ जुलै २०२४ पासून आपल्या दंडविधानांत एका निराळ्या शिक्षेची भर घातली आहे. तिचें नांव सामुदायिक सेवा. पांच हजार रुपयांहून कमी किंमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी, सार्वजनिक ठिकाणीं दारू पिऊन घातलेला धिंगाणा, अब्रुनुकसानी अशा मोजक्या सहा अपराधांस ती देतां येते. लहानशा अपराधापायीं माणसाला तुरुंगांत घालून सराईतांची शिकवणी लावून देण्यापेक्षां हा मार्ग बरा, याविषयीं सुज्ञांत फारसा मतभेद होईल असें वाटत नाहीं. माझ्यापुढील अडचण वेगळी आहे.

या सेवेची व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेंत दिली आहे: न्यायालयानें सांगितलेलें, समाजाच्या उपयोगाचें आणि मोबदल्यावांचून करावयाचें काम. आतां, सरकारच्या हुकुमानें मजुरीवांचून करावयाच्या कामाला आपल्या खेड्यांत पूर्वापार एक नांव होतें, तें म्हणजे वेठ. राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें ती बंद केली. शिक्षेची गोष्ट निराळी, असें कायदेपंडित सांगतील, व तें खरेंही आहे. परंतु वेठ आणि सेवा यांतील भेद कलमानें पडत नाहीं. करणाऱ्याच्या मनानें आणि पाहणाऱ्याच्या नजरेनें पडतो.

उमरखेडसारखें तालुक्याचें गांव घ्या. कुणा मजुरानें दुकानांतून हजारभर रुपयांचा जिन्नस उचलला, तो परत केला, आणि न्यायाधीशांनीं त्याला आठ दिवस बाजारपेठ झाडावयास सांगितलें, अशी कल्पना करा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ओळखणार. तुरुंगाच्या भिंती निदान आंतल्या माणसाला झांकतात. येथें तेवढाही आडोसा नाहीं. शिवाय तीच बाजारपेठ रोज पहांटे झाडणारी नगरपरिषदेची बाई मनाशीं काय म्हणेल? जें काम मी पोटासाठीं जन्मभर करीत आलें, तें चोराला शिक्षा म्हणून देतात! याच वऱ्हाडांत जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातीं खराटा घेऊन गांवें झाडलीं. तोच खराटा आपण बेअब्रूची खूण करावा काय? झाडण्याचें काम आपल्याकडे जातीशीं किती घट्ट बांधलेलें आहे हें ठाऊक असून असा हुकूम सोडणें मला तरी अविचाराचें वाटतें.

इंग्लंडांत १९७२ च्या कायद्यानें ही शिक्षा आली, तेव्हां तिला ४० ते २४० तासांची मर्यादा होती, आणि मुख्य म्हणजे अपराध्याची संमति घ्यावी लागे. पुढें संमतीची अट गेली, आणि २००८ सालीं त्याच देशानें या लोकांच्या अंगावर लांबूनही ओळखूं येतील अशीं भडक जाकिटें चढविलीं. शिक्षा लोकांना दिसली पाहिजे, हा त्यामागील हेतु! आपल्याकडे याच्या नेमकें उलट उदाहरण आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें खुनासारख्या गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतीवांचून शेतीवर ठेवण्याचा प्रयोग झाला. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळें तो देशाला ठाऊक झाला. तेथें कष्ट होते, तमाशा नव्हता.

दुसरी गोष्ट मजुरीची. रोजंदारीवर पोट असलेल्याचे आठ दिवस बुडाले तर घरची चूल थंड पडते. अब्रुनुकसानीच्या खटल्यांतील सुखवस्तु गृहस्थाला तेच आठ दिवस रजेसारखे जातात. कागदावर शिक्षा मात्र सारखी! संहितेनें तास किंवा कामाचा प्रकार ठरवून दिलेला नाहीं, म्हणजे न्यायाधीशांच्या हातीं पुष्कळ आहे. त्यांनीं आधीं त्या माणसाला काय येतें तें विचारावें. गवंडी असेल तर शाळेची पडकी भिंत त्याच्याकडून बांधून घ्यावी, तींही त्याचा रोज बुडणार नाहीं अशा वेळीं. आणि झाडण्याचेंच काम निघालें, तर तें प्रथम अब्रुनुकसानी करणाऱ्या एखाद्या पदवीधराला द्यावें, आणि तेंही त्या बाईच्या हाताखालीं.