दूरदेशी पडलेल्याची मूठमाती



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जमतो, कबरी झाडून घेतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपापल्या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करतो. परंतु ज्याची कबरच नाही, त्याच्यासाठी मेणबत्ती कोठे लावावी?

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. सैनिक टाकळी हे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले धाडणारे गाव आपल्याच शिरोळ तालुक्यात आहे. या भागातल्या अनेक घरांत एखादा पणजोबा किंवा आजोबांचा भाऊ असा असतो की त्याच्याविषयी एवढेच सांगितले जाते, "बसऱ्याच्या लढाईला गेला, तो परत आला नाही." एका वाक्यात एक संपूर्ण आयुष्य मिटते. इतक्या वर्षांनंतर तो कोठे आणि कसा मेला हे शोधण्याची काही जबाबदारी आपल्यावर आहे काय? परमेश्वराला तर सर्व ठाऊक आहे. मग आपण ते जाणून घेतल्याने काय साधणार?

पवित्र बायबलमधील तोबीतला हाच प्रश्न विचारता आला असता. निनवे नगरीत बंदिवासात असताना तो राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांची प्रेते शोधून त्यांना लपूनछपून पुरत असे. एकदा सणाच्या दिवशी तो जेवायला बसला असता, एका बांधवाचे प्रेत बाजारात पडल्याचे त्याला समजले. ताट तसेच ठेवून तो उठला. शेजारी त्याला हसले. परमेश्वराला त्या मृताचे नाव माहीत होते, हे तोबीतलाही कळत होते. तरीसुद्धा तो उठला. कारण देवाचे जाणणे आपल्याला आपल्या कर्तव्यातून मोकळे करीत नाही. म्हणूनच मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे.

निनवे म्हणजे आजच्या इराकमधील मोसूल शहराजवळचे ठिकाण, तैग्रीस नदीच्या काठचे. त्याच नदीच्या काठी, पुष्कळ खाली दक्षिणेस, कुट अल अमारा हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तेथे मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी वेढ्यात सापडल्या होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सर्व फौजेला शरण जावे लागले. त्यानंतर कैद्यांना उन्हातून मोसूलच्या वाटेने पायी नेण्यात आले. कित्येक जण वाटेतच पडले. त्यांना पुरायला तेथे कोणी तोबीत नव्हता.

पुढे १९२९ साली बसऱ्याला त्या मोहिमेतील बेपत्ता मृतांचे मोठे स्मारक उभे राहिले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या गोऱ्या शिपायांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या कोरण्यात आली. युद्धातील मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ सालच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि क्षमा मागितली. शंभर वर्षे लोटल्यावर का होईना, पण नावाऐवजी आकडा लिहिणे हा अन्याय आहे, हे मान्य झाले. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ही प्रभू येशूची शिकवण आपण जाणतोच. तो त्यांची नुसती मोजणी करीत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहू. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले, ठाणे जिंकले आणि तेथेच गोळ्या लागून मरण पावले. वय अवघे २२ वर्षे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढी कीर्ती झाली, तरी त्यांची कबर कोठे आहे हे ठाऊक नाही. कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव तेवढे आहे. पुढे २०२३ साली तेथील मोंतोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ आहे. परक्या गावाने आपल्या माणसाची आठवण ठेवली. मग आपण आपल्याच माणसाची ठेवू नये काय?

मात्र शोध घेताना एका मोहापासून सावध राहावे, असे आम्हांला वाटते. आपला माणूस शूर वीरच निघावा, अशी आपली इच्छा असते. पण कित्येक शिपाई ज्वराने किंवा हगवणीने इस्पितळात गेले, कित्येक कैदेत गेले. हाती आलेली नोंद साधी असेल, कदाचित मनाला लागणारीही असेल. ती लपवून वीरकथा रचणे म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा हरवणे होय.

मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातील यहुदा याबाबतीत आपला गुरू आहे. लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांची प्रेते उचलताना त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडले. यहुदाने ती गोष्ट झाकली नाही, आणि त्या मृतांना टाकूनही दिले नाही. सर्वांनी मिळून प्रार्थना केली. त्याने सैनिकांकडून वर्गणी जमा करून दोन हजार चांदीची नाणी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठविली. आधी सत्य आणि मग प्रार्थना, हा त्याचा क्रम आपणही पाळावा.

काही जण म्हणतील, "आमचा पणजोबा ख्रिस्ती नव्हता. त्याच्यासाठी मिस्साबलिदान अर्पण करता येईल काय?" अवश्य येईल. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९०१ व्या कलमानुसार धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्साबलिदान अर्पण करू शकतात. ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचे स्मरण तर मिस्सातील प्रार्थनेतच येते. यात समोरच्या बाजूने लढताना मेलेलेही आले. घाडगे यांच्यासमोर त्या ठाण्यात मेलेले जर्मन सैनिक हीसुद्धा कुणा आईची लेकरेच होती.

तेव्हा या महिन्यात घरातली जुनी पेटी उघडावी. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेला शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. मृताच्या घरी पाठविलेली काशाची गोल चकती सापडली, तर तीवर नाव असते, पण हुद्दा नसतो. वर सांगितलेल्या कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. कित्येक नोंदींत वडिलांचे आणि गावाचेही नाव असते. इंग्रजी कारकुनांनी आपली नावे कशीही लिहिली आहेत, म्हणून वेगवेगळी स्पेलिंगे घालून पाहावीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तर आपल्या जवळच बेळगावला आहे. आपल्या तरुणांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून हे काम हाती घ्यावे.

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या गावाला आपले जन्मदाते जयसिंगराव यांचे नाव दिले. एका पुत्राने जपलेले ते नाव आपण रोज सहज उच्चारतो. दूरदेशी पडलेल्या त्या शिपायांनाही कोणीतरी नावाने हाक मारण्याची गरज आहे. शोध घेऊनही काहीच हाती आले नाही, तरी निदान त्याचे नाव घेऊन एक मेणबत्ती लावावी. मूठभर माती आपण तेथवर नेऊ शकत नाही, परंतु प्रार्थना तेथवर पोहोचते.

हे प्रभो, ज्यांच्या कबरी केवळ तुलाच ठाऊक आहेत, त्यांना चिरशांती दे. आमेन.