नगरच्या खंदकाशेजारी मुक्काम

आत्या वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या, तिथेच संसार केला, महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि आता म्हाडाच्या नव्या टॉवरमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरात राहतात. मिलिंद त्यांचा भाचा. नाताळच्या सुट्टीत बायको, दोन मुलं आणि आत्या यांना घेऊन अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जायचा बेत त्याने आखला होता. बोलणं गाडीपासून सुरू झालं.

मिलिंद : कॅराव्हॅन ठरली, आत्या. आत झोपायची सोय, छोटा ओटा, संडास, पाण्याची टाकी, सगळं आहे. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात होतं. एक्स्प्रेसवेने पुणं, मग नगर रस्ता. कोरेगाव भीमाला विजयस्तंभापाशी थांबू, रांजणगावला थांबू, तिथून नगर. दोन रात्री. चांदबिबीचा महाल, रणगाड्यांचं संग्रहालय आणि भुईकोट किल्ला.

आत्या : ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची कबर आहे, मुलांना नीट सांग. आणि किल्ल्यात काय बघणार?

मिलिंद : बेचाळीसच्या ‘चले जाव’च्या नेत्यांना ठेवलं होतं त्या खोल्या. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव.

आत्या : म्हणजे तुरुंग. बिछाना आणि ओटा बरोबर घेऊन आपण तुरुंग बघायला जायचं, आणि रात्री खंदकाशेजारी गाडी लावून पोरांसाठी पुलाव शिजवायचा.

मिलिंद : खंदकाशेजारी कोण लावू देतंय? किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून आत जायचं, वेळेत बाहेर यायचं. मुक्काम गावाबाहेरच करावा लागणार. पण तुला खटकतंय ते जागेचं अंतर नाही, हे कळतंय मला.

आत्या : नाही, अंतराचं नाही. मौलाना आझादांची बायको कलकत्त्यात आजारी होती. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने विचारलं, सरकारला काही कळवायचं असेल तर सांगा, मी पाठवतो. त्यांनी काही मागायला नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये ती गेली आणि हा माणूस नगरच्या भिंतींच्या आतच राहिला. त्या खोलीच्या दारात उभं राहून आपण मुलांना म्हणणार, चला लवकर, गाडीत आइस्क्रीम वितळतंय.

मिलिंद : त्याच खोलीत बसून आझाद पहाटे स्वतःच्या हाताने चहा करायचे आणि त्या चहावर पानंच्या पानं लिहायचे. खोलीत चिमण्यांनी घरटी केली तर त्यांच्यावरही लिहिलं. नेहरूंनी अंगणातली दगडाळ जमीन खणून फुलांचे वाफे केले. तुरुंगात असून त्यांनी घर मांडलं होतं. मग त्यांच्या दारापाशी आपण चहा केला तर त्यांचा अपमान कसा होतो?

आत्या : त्यांचा चहा आणि आपला चहा एकच कसा रे? त्यांना चहाखेरीज काही उरू दिलं नव्हतं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आहे हे ठाऊक असताना माणूस पाणी उकळायला ठेवतो, तेव्हा तो स्वतःला तुटू देत नसतो. आपल्या गाडीचं दार आतून उघडतं.

मिलिंद : आतून उघडतं म्हणून तर जायचं. सगळ्यांची दारं आतून उघडावीत यासाठीच ते तिथे बसले होते ना? त्यांना काय हवं होतं? आपण तोंड पाडून फिरावं, हे? का आपल्यासारख्यांनी लेकराबाळांसकट, कुणाला न विचारता, मनाला येईल त्या गावाला जावं, हे?

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मिलिंदच्या या म्हणण्यात तथ्य आहे आणि तेवढ्यावर थांबलं तर त्यात धोकाही आहे. स्वातंत्र्यासाठी कुणी सोसलं म्हणून आपण मोकळेपणाने फिरायचं, हे खरं. पण या एकाच वाक्यात सगळ्या तुरुंगांचा हिशेब मिटवून टाकता येतो. मग तिथे कोण होतं, कशासाठी होतं, कसं होतं, हे कळून घ्यायची गरजच उरत नाही. नगरसारख्या जागी तर ही गरज फार मोठी आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला शिंद्यांकडून घेतला. पुढे बोअर युद्धातले कैदी दक्षिण आफ्रिकेहून समुद्र ओलांडून नगरला आणले गेले. पहिल्या महायुद्धात आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही नगरच्या छावणीत जर्मन माणसं स्थानबद्ध होती. त्या बोअर युद्धात गांधीजी इंग्रजांच्या बाजूने जखमी वाहून नेणाऱ्यांचं पथक घेऊन उतरले होते. चार दशकांनी इंग्रजांनीच त्यांच्या सहकाऱ्यांना नगरला डांबलं. आगगाडी मुंबईहून निघाली, गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि या सहकाऱ्यांना पुढे नगरला. आपल्या ओळखीचा एक इतिहास आणि त्याच गावात अनोळखी असे तीन-चार.

आत्यांनीही हाच धागा पकडला.

आत्या : बोअर आणि जर्मन कैद्यांचं मुलांना काय सांगणार आहेस?

मिलिंद : तेही कैदीच होते, एवढंच.

आत्या : एवढंच नाही पुरणार. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पासपोर्ट दिसला की धरत होते. त्यात हिटलरचे कट्टर भक्त होते आणि हिटलरच्या भीतीने पळून हिंदुस्थानात आलेले ज्यूही होते. छळणारा आणि त्याच्यापासून जीव वाचवून आलेला, दोघं एकाच तारेच्या आत. चौकशी होऊन बरेच ज्यू सुटले, पण आधी आत गेलेच. हाइनरिश हॅरर हा गिर्यारोहकही आधी नगरलाच होता. पुढे डेहराडूनहून पळाला आणि तिबेटात पोचला. मुलं विचारतील, हा चांगला होता की वाईट? तेव्हा तुझी पंचाईत होईल. तो धाडसी होता आणि नाझी पक्षाचा सभासदही होता. दोन्ही सांगायची तयारी असेल तर ने मुलांना.

मिलिंद : मग तर न्यायलाच पाहिजे. शाळेच्या पुस्तकात तुरुंगातला माणूस एक तर हुतात्मा असतो, नाही तर चोर.

आत्या : पुस्तकाचं राहू दे. मला वेगळंच टोचतंय. तुरुंग बघायला आपण अडीचशे किलोमीटर जाणार, तिथे कुठला नेता कुठल्या खोलीत होता ते दाखवतात. आणि मी जन्मले ती चाळ? तीही तुरुंगच होती.

मिलिंद : चाळकरी आपसात बोलायचे तसं, ना? खोल्या तुरुंगासारख्या म्हणून?

आत्या : बोलायची गोष्ट नव्हे, खराच तुरुंग. जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी या चाळी बांधायला घेतल्या. वरळीत १२१, सगळीकडच्या धरून २०७. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. कामगार यायला तयार होईनात. भाडं परवडेना, वरळी तेव्हा लांब, गिरणीला पायी जायचं. खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० मध्ये कायदेभंगात इतकी माणसं धरली की तुरुंग पुरेनात, तेव्हा सरकारला या रिकाम्या चाळी दिसल्या. तात्पुरता तुरुंग केला त्यांचा. मीठ उचलणारे, दारूच्या दुकानापुढे उभे राहणारे, विदेशी कापडाची होळी करणारे, सगळे इथे. त्याच वर्षी कैद्यांचे अ, ब, क वर्ग पाडले होते. साधा स्वयंसेवक असला की क वर्ग. त्यांच्यातला कोण आमच्या खोलीत होता, कुणाला माहीत?

मिलिंद : आणि त्याच खोलीत तुम्ही नऊ जण राहिलात.

आत्या : राहिलो. बारशी झाली, लग्नं झाली, माझी आई तिथेच गेली. गिरणीचा संप तिथे सोसला. चौदा एप्रिलला जांबोरी मैदानावरून मिरवणूक यायची तेव्हा गॅलरीत उभं राहायला जागा नसायची.

मिलिंद : तेव्हा तुला कुणी विचारलं का, की कैद्याच्या खोलीत हळद कशी लावता? नाही ना? मग माझ्या पुलावाने असं काय बिघडतं?

आत्या : आम्ही तिथे राहायला गेलो होतो, बघायला नाही. राहणारा माणूस त्या जागेला आपलं आयुष्य देतो. बघणारा काय देतो?

मिलिंद : वेळ देतो. माहिती करून घेतो. तू आत्ता जे बोललीस ते मला चाळिसाव्या वर्षी कळतंय, तेही नगरची सहल ठरवली म्हणून. चाळीत लहानाचा मोठा झालो, कुणी सांगितलं नाही. राहणाऱ्याला कळतंच असं नाही, आत्या. कधी कधी बघायला आलेल्याला जास्त कळतं.

आत्या गप्प बसल्या. मलाही हे म्हणणं खोडता आलं नाही. ‘राहणं’ आणि ‘बघणं’ यांत आत्यांनी जी रेघ ओढली ती मला आधी पटली होती. पण राहणाऱ्याला पाण्याची रांग असते, संडासाची रांग असते, गिरणीची पाळी असते. आपल्या भिंतीआड पूर्वी कोण होतं हे विचारायला सवड हवी, आणि सवड ही कित्येक पिढ्या आमच्या चाळींत कुणाकडे नव्हती. सुट्टी, भाड्याची गाडी, मोकळे दोन दिवस यांना चैन म्हणून हिणवणं म्हणूनच मला मान्य नाही. ज्यांना ती सवड पहिल्यांदा मिळते आहे त्यांनी ती तुरुंग बघण्यात घालवायची ठरवली, तर मला त्यांचा अभिमान वाटतो. मात्र दारावर नाव असलेलीच खोली बघून परतायचं, हे मला आत्यांइतकंच अन्यायाचं वाटतं. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून ती खोली राखली गेली. क वर्गातल्या माणसाला पुस्तक लिहायला कागद कुणी दिला असता?

मिलिंद : मग रद्द करू का?

आत्या : रद्द कशाला? उलटं कर. आधी इथलं दाखव. मागच्या बाजूला ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांतली एक तरी खोली मुलांना दाखव. पाडायला सुरुवात झाली की दाखवायला काही उरणार नाही. पाडू नका असं मी म्हणणार नाही. मजल्यावरचा सामाईक संडास मी सगळी उमर वापरला आहे, त्याचं कौतुक मला कुणी ऐकवू नये. पण एक इमारत तरी जशीच्या तशी ठेवावी, आणि तिच्यावर गिरणी कामगारांबरोबर तीसच्या कैद्यांचंही लिहावं.

मिलिंद : मुलांना ती खोली आजीची खोली म्हणून माहीत आहे. क्रिकेट खेळलेत ती त्या गॅलरीत. तिथे नेऊन सांगायचं, हा तुरुंग होता?

आत्या : सांगायचं. आणि तुझ्या आईबाबांचं लग्न तिथे झालं, हेही सांगायचं. आधी काय सांगावं, ते मात्र मला अजून ठरवता येत नाही. तुरुंग आधी सांगितला तर लग्न ऐकताना त्यांना वाईट वाटेल. लग्न आधी सांगितलं तर तुरुंगाची नुसती गंमत वाटेल.

मिलिंद : चार-पाच तासांचा रस्ता आहे. तू पुढे माझ्या शेजारी बस, ठरव वाटेत.

आत्या : बसते. पण १ जानेवारीच्या आत परत यायचं. त्या दिवशी कोरेगावला लाखो लोक येतात, नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. ही एवढी मोठी गाडी कुठल्या गावात घुसवशील? आणि किल्ला आधी, रणगाडे दुसऱ्या दिवशी.

मिलिंद : रणगाडे आधी बघितले नाहीत तर धाकटा किल्ल्यात ऐकूनच घेणार नाही.

आत्या : मग ऐकून घेईपर्यंत किल्ल्यात थांबू.