विशाल दृष्टी आणि उभे राहण्याची जागा

दृष्टी विशाल असावी, हा उपदेश आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारच्या व्यासपीठांवरून केला जातो की, त्याविषयी शंका घेणे हेच कोत्या दृष्टीचे लक्षण मानले जाण्याचा संभव आहे. संकुचित मनुष्य घरापुरते पाहतो, त्याहून बरा गावापुरते, त्याहून थोर राष्ट्रापुरते आणि सर्वांत थोर तो, ज्याच्या दृष्टीत सारे विश्व मावते; ही चढण आपण शाळेपासून पाठ केलेली असते. या चढणीस आमचा विरोध नाही. परंतु ज्याला पुष्कळ दिसते त्याला यथाप्रमाणही दिसते, असे म्हणता येईल काय? विशालता आणि न्याय या दोन वस्तू एकच काय? हा प्रश्न जुना आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका अगदी क्षुद्र यंत्राने तो आमच्यापुढे असा काही मांडला की, त्याचा थोडा ऊहापोह वाचकांसमोर करावासा वाटतो.

हे यंत्र म्हणजे फिल्मवर चालणारा, सदऱ्याच्या खिशात सहज मावणारा एक प्लॅस्टिकचा कॅमेरा. पूर्वी तो 'व्हिव्हिटार अल्ट्रा वाइड अँड स्लिम' या नावाने विकला जाई. ते उत्पादन बंद पडून बराच काळ लोटल्यावर २०२२ साली 'रेटो' या नावाने त्याच धर्तीचा कॅमेरा पुन्हा निघाला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो आम्हांस आणून दिला. वजन सुमारे ७० ग्रॅम. बॅटरी लागत नाही. भिंगाचे छिद्र कायमचे ठरलेले, झडप सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या हिश्शापुरती उघडणारी, आणि अंतर जुळवण्याची सोयच नाही. सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सर्व काही ते सारख्याच स्पष्टतेने टिपते. मालकाने करावयाचे ते एवढेच की, भरपूर उन्हात उभे राहावे आणि कळ दाबावी. याचे खरे वैशिष्ट्य आहे ते भिंगात. ते २२ मिलिमीटर केंद्रांतराचे, म्हणजे अतिविशाल कोनाचे आहे. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगात आडवा सुमारे ४० अंशांचा प्रदेश मावतो. यात सुमारे ७९ अंशांचा मावतो. दुप्पट जग खिशात घेऊन हिंडण्याची ही सोय!

अंबाजोगाई हे आमचे वसतिस्थान बालाघाटच्या डोंगरात आहे. तेव्हा पहिला प्रयोग साहजिकच मुकुंदराजांच्या समाधीकडील दरीवर झाला. दरीच्या काठी उभे राहिलो आणि डोळ्यांस जेवढे दिसत होते त्याहूनही अधिक चौकटीत घेतले. फिल्म धुण्यासाठी पुण्यास पाठवावी लागते. ती परत आली तेव्हा पाहतो, तो चित्रात सर्व काही होते आणि काहीच नव्हते. निम्मे आकाश, उरलेल्या निम्म्यात करडी माती, आणि ज्या स्थळासाठी आम्ही तेथे गेलो ते जोंधळ्याच्या दाण्याएवढे. दुसऱ्या चित्रात योगेश्वरीचे शिखर मावावे म्हणून कॅमेरा वर कललेला होता. त्यात शिखर मागे रेलल्यासारखे दिसत होते. ही त्या भिंगाची खोड नव्हे, हा त्याचा धर्म आहे. अधिक जग घ्यावयाचे तर प्रत्येक वस्तूच्या वाट्यास कमी जागा येणार, आणि यंत्र तिरपे धरले तर उभ्या रेषा एकमेकींकडे कलणार, हे ठरलेलेच.

येथे प्रकाशशास्त्रातील एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण आमच्या सर्व विवेचनाचा आधार तीच आहे. चित्रातील वस्तूंचे परस्परप्रमाण, म्हणजे जवळचा मनुष्य केवढा आणि त्यामागचा डोंगर केवढा, हे भिंगावर अवलंबून नसते. एकाच जागी उभे राहून विशाल भिंगाने व अरुंद भिंगाने दोन चित्रे घ्या, आणि पहिल्याचा मधला तुकडा कापून मोठा करा. दोहोंतील प्रमाण एकच निघेल. प्रमाण बदलते ते फक्त पावले उचलल्याने. किती दिसावे हे भिंग ठरविते. कोण केवढा दिसावा हे उभे राहण्याची जागा ठरविते. आपण ज्याला व्यापक दृष्टी म्हणतो तो भिंगाचा गुण आहे. ज्याला प्रमाणबुद्धी किंवा न्यायबुद्धी म्हणतो तो जागेचा गुण आहे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

ॲडम स्मिथ या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हाच दृष्टांत योजिला आहे. तो म्हणतो की, लिहावयास बसलो असता समोरच्या लहान खिडकीत कुरणे, राई व दूरचे पर्वत मावून जातात; ते खोलीपेक्षा मोठे आहेत हे कळण्यास मनाने दुसऱ्या ठिकाणी जाऊन पाहावे लागते. त्याचप्रमाणे स्वतःच्या करंगळीचे दुःख आणि चीनमधील लाखोंचा मृत्यू यांचे खरे प्रमाण कळण्यास मनुष्याने आपली जागा सोडून निःपक्ष प्रेक्षकाच्या जागी जावे. विचार मार्मिक आहे यात शंका नाही. परंतु स्मिथचा प्रेक्षक खुर्चीतून उठत नाही. तो कल्पनेने जातो आणि कल्पनेनेच परत येतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याला पायांनीच जावे लागते.

आता हा विचार आमच्या जिल्ह्यास लावून पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी इत्यादी तालुक्यांतील गावेच्या गावे ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोप्यांत राहतात. या व्यवहारात मुकादमाकडून अंगावर पैसे घेणे म्हणजे 'उचल', आणि नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकटा गडी असेल तर 'अर्धा कोयता'. दोन जिवंत माणसांस मिळून एका हत्याराचे नाव देणारी ही भाषा म्हणजे एक विशाल भिंगच आहे. तिच्यात हजारो संसार झटकन मावतात, कारण तिच्यात एकही संसार दिसत नाही.

पण म्हणून विशाल दृष्टीची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांची नोंद झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. एखाद्या घरी बसून, एका बाईचे दुःख कितीही जवळून पाहिले असते, तरी हे प्रमाण कळले नसते. ते तिचे दैव म्हणून सोडून दिले गेले असते. ते दैव नसून व्यवस्था आहे, हे मोजणीनेच दाखविले. अडचण पुढची आहे. तो आकडा आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचला, हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा आकडा वाचला. दरीचे चित्र पाहावे तसा तो पाहिला. सर्व चौकटीत होते. कोणी जवळ नव्हते.

या भिंगाची दुसरी बाजू आम्हांस कळली ती केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. एक टोळी ट्रॅक्टर थांबवून रस्त्याकडेला बसली होती. लांब पल्ल्याच्या भिंगाने रस्त्यापलीकडून, कोणास न विचारता, एखादा थकलेला चेहरा टिपता येतो, आणि असे चेहरे प्रदर्शनांतून वाखाणलेही जातात. आमच्या हातातील यंत्राने ते शक्य नव्हते. त्यात मनुष्य मनुष्याएवढा दिसावयास हवा असेल, तर चार-पाच फुटांवर जावे लागते. आणि चार-पाच फुटांवर गेल्यावर बोलावेच लागते. आम्ही एका बाईस विचारले. तिने आधी आम्हांसच प्रश्न केला, "फोटू काढून काय करता, सर?" उत्तर ऐकून घेतल्यावर म्हणाली, "माझ्या एकलीचा नका काढू. लेकरं, शेरडं, सामान, समदं येऊ द्या. अन् सासूबाई हितंच ऱ्हाणार हायत, त्यास्नी बी घ्या."

विशाल दृष्टीची ही मागणी पाहा. तिलाही व्यापक चित्रच हवे होते. पण ती व्यापकता डोंगरावरून दिसणारी नव्हती. पत्र्याची पेटी, हंडे, दोन शेळ्या, निजलेले मूल, मागे उभा ट्रॅक्टर आणि मागे राहणारी म्हातारी, यांवाचून आपण अपुऱ्या आहोत, हे तिला आमच्याहून चांगले ठाऊक होते. लांब पल्ल्याच्या भिंगाने तिचा चेहरा आला असता आणि संसार गळाला असता. दरीकाठच्या रीतीने संसार आला असता आणि ती गळाली असती. जवळ जाऊन विशाल पाहिले तेव्हाच दोन्ही आले. या भिंगात चौकटीच्या कडेस असलेला चेहरा बाहेरच्या बाजूस ताणला जाऊन विद्रूप दिसतो. म्हणून म्हातारीस मधे आणणे भाग पडले आणि त्यासाठी इतर सर्वांना थोडे थोडे सरकावे लागले. काठावरच्या मनुष्याचे रूप विशाल दृष्टीतच सर्वांत आधी बिघडते, आणि तो मधे यावयाचा तर मधल्यांनी सरकल्याशिवाय जागा होत नाही, ही गोष्ट छायाचित्राबाहेरही खरी आहे.

येथे चाणाक्ष वाचक आक्षेप घेतील. जवळ जाणे एवढ्यानेच न्याय होत असता, तर मुकादम सर्वांत न्यायी ठरला असता. कारण प्रत्येक कोयत्याचे नाव, गाव आणि अंगावरील बाकी त्याला तोंडपाठ असते. आक्षेप रास्त आहे. छायाचित्रणाचा इतिहासही त्याला पुष्टी देतो. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात, ज्याची झळ मद्रासप्रमाणे मुंबई इलाख्यास व निजामाच्या राज्यासही लागली होती, विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. तो त्यांच्यापासून फार दूर उभा नव्हता. तरीही, या माणसांस चित्रासाठी मांडून बसविले आणि पुढे त्यांच्यासाठी काही केले नाही, असा ठपका त्याच्या काळीच त्याच्यावर आला. मग सान्निध्यात उणे काय राहिले?

आमच्या मते उणे राहिले ते उत्तरदायित्व. हूपरसमोरील माणसे त्याला काही विचारू शकत नव्हती. आणि पाहणारा स्वतः त्या चित्रांत कोठेच नव्हता. मुकादमाचे सान्निध्य तर वरून खाली पाहणारे. विशाल भिंग जवळून पण तिरपे खाली धरले, तर डोके मोठे व पाय खुजे असा ठेंगणा मनुष्य उमटतो. सरळ, समपातळीवर धरले तरच उभा मनुष्य उभा दिसतो. शिवाय या लहानशा यंत्राची एक गंमत ते वापरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. चौकट इतकी रुंद की, धरणाऱ्याचे बोट तीत डोकावते, आणि सकाळचे ऊन पाठीशी असेल तर त्याची लांब सावली चित्रात पडते. आमच्या त्या चित्रातही शेळ्यांच्या पायांशी एक सावली आहे. जाणकार तिला दोष म्हणतील. आम्हांस ती साक्ष वाटते. येथे कोणी तरी उभे होते, त्याने हे पाहिले, आणि 'काय करता' या प्रश्नाचे उत्तर तो देणे लागतो, असे ती सांगते. छायाचित्र घेणे हीदेखील एक उचलच आहे. फेडीचे ओझे घेणाऱ्यावर असते. म्हातारीच्या घरी एक प्रत पोचली आहे. दुसरी, टोळी परतेपर्यंत, आमच्या टेबलावर आहे. त्याने फेड झाली असे मात्र कोणी समजू नये.

गीतेने गौरविलेल्या समदर्शित्वाचा अर्थही या प्रकाशात तपासून पाहण्यासारखा आहे. आमचा कॅमेरा अक्षरशः समदर्शी आहे. त्याला शेळी, स्त्री आणि मैलाचा दगड सारखेच स्पष्ट दिसतात. पण ही समदृष्टी जडाची आहे. तिला काहीच लागत नाही म्हणून सर्व सारखे. आज घरोघरी हातातील फोनवर साऱ्या पृथ्वीचे दुःख अशाच सारख्या स्पष्टतेने येऊन पडते, आणि सुशिक्षित कुटुंबांत त्यालाच जगाची जाण असे नाव मिळते. ज्ञानी मनुष्याचे समत्व याहून निराळे असले पाहिजे. प्रत्येकापाशी जाता आले असते तर प्रत्येक जण एवढाच मोठा दिसला असता, ही जाणीव त्यात असते. आणि सर्वांपाशी जाणे शक्य नसले, तरी कोणापाशी तरी ती खरी करून पाहण्याची तयारीही असते.

म्हणून दृष्टी विशाल असावी, या उपदेशाशी आमचे भांडण नाही. तो अर्धाच सांगितला जातो एवढेच आमचे म्हणणे आहे. विशाल पाहण्याचा अधिकार, ज्याने जवळ जाण्याचे कष्ट घेतले, ज्याने आपली नजर समोरच्याच्या पातळीवर धरली आणि ज्याने चित्रातून आपली सावली पुसली नाही, त्याचा आहे. इतरांस दिसते ते विशाल खरे. परंतु ते डोंगरावरून दिसणारे आहे, आणि डोंगरावरून सर्वच माणसे सारखीच लहान दिसतात.