मान कुणाकडं वळते?

आखाडा बाळापुरात हळद शिजवायचे दिवस. दलित वस्तीतल्या ओसरीवर सर बसले होते. ते निवृत्त झाले आणि त्यांचा मराठीचा तास माझ्याकडं आला.

"सर, नववीला 'आठवणींचे पक्षी' वाचून दाखवावं म्हणतो."

"सोनकांबळ्यांचं आत्मकथन? १९७९चं. आईबापाविना वाढलेलं पोर, शिकून प्राध्यापक झालं. वाचा की. पण भुकेचं पान आलं की सगळ्या माना आमच्या वस्तीतल्या पोराच्या बाकाकडं वळतील. त्या पोरानं कुठं बघायचं?"

"मग अमेरिकेतल्या काळ्यांचं एखादं आत्मकथन घेऊ?"

"ते सोपं जातं. तिथल्या गोऱ्याचा राग सगळ्यांनाच येतो, तो आपल्या भावकीतला नसतो ना. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिकडं गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, पण लिहिली इथल्या गुलामगिरीवर."

"म्हणजे वाचूच नये?"

"असं कुठं म्हणालो? मी 'आठवणींचे पक्षी' पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. आपल्यासारख्याचं जगणं छापून येतं, याचाच आनंद. त्या पोराचा हा आनंद हिरावू नका." सर थोडं थांबले. "अशा पुस्तकात उपाशी पोर असतं, तसं त्याला दारात थांबवणारं घरही असतं. त्या घरातलं वर्गात कोण आहे?"

मी गप्प. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कप असायचा. निळ्या नक्षीचा, कान तुटलेला. सालगडी चहा पिऊन स्वतःच विसळायचा आणि पालथा घालायचा. वरून चहा ओतायची माझी आई.

शेवटी सरांना त्या कपाचं सांगितलं. "पुस्तक उघडायच्या आधी वर्गालाही ते सांगतो," मी म्हणालो. "पण आई अजून आहे, सर. तिला भर वर्गात कशी उभी करू?"

"लिंबाळ्यांनी 'अक्करमाशी' या आत्मकथनात आईला झाकलं नाही. तिच्यावर तर अन्यायच झाला होता. आमच्या माणसांनी आईचं दुःख चव्हाट्यावर मांडलं, आणि तुम्हाला एक कप जड होतो?" मग आवाज खाली आला. "पण तिला विचारून सांगा. तेवढा मान तिचाही."

घरी आलो. आई ताडपत्रीवर हळद पसरत होती.

"आई, गोठ्यातला तो कप आठवतो?"

तिचे पिवळे हात थांबले.

"कान माझ्याच हातून तुटला होता," ती म्हणाली. "म्हणून तर गड्याला दिला."